खालच्या टूरवरून वर जायची वाट आधी लिहून द्या: गोव्यातून एक खुलं पत्र

भारतात प्रोफेशनल गोल्फच्या टूर चालवणाऱ्या सगळ्या मंडळींना, आणि त्याच पाकिटात आमच्या गोव्याच्या क्रीडा खात्यालाही,

नमस्कार.

मी दक्षिण गोव्यातल्या एका रिसॉर्टच्या नऊ होलच्या कोर्सवर (पूर्ण कोर्स अठराचा असतो) कॅडी मास्टर आहे. कुठल्या पाहुण्याची बॅग कोण उचलणार, कुणाला किती वाजताचा टी टाइम, कुठला पोरगा आज आलाच नाही, हे सगळं बघणं माझं काम. मी प्रो नाही, कधी नव्हतो, पण टूरचे स्कोअर रोज बघतो आणि आमच्यातलेच एकदोन पोरगे प्रो व्हायची धडपड करतात म्हणून हे लिहितोय. गोव्यात गोल्फवर मराठीतून पत्र म्हटल्यावर अर्धे लोक इथेच हसतील, हसू देत.

सध्या आपल्याकडे गोल्फमध्ये बरीच हालचाल आहे. पीजीटीआय ही देशातली मुख्य प्रो टूर, म्हणजे वर्षभराच्या स्पर्धांची मालिका, २००६ पासून आहेच, तिने आता नेक्सजेन नावाची खालची टूर पण काढलीय, २०२५ पासून आयजीपीएल म्हणून वेगळी लीग आलीय, कपिल देव पीजीटीआयचे अध्यक्ष आहेत त्यामुळे पेपरात चार ओळी जास्त येतात. चांगलंच आहे. पण प्रत्येक वेळी बातमी कसली, तर बक्षिसाच्या रकमेची. एवढे लाख, तेवढे कोटी. खालच्या टूरवर खेळणारा पोरगा बक्षिसाच्या पैशासाठी खेळत नाही हो, त्या पैशात त्याचा खर्चसुद्धा निघत नाही, तो खेळतो वर जायला. त्यामुळे त्याच्या दृष्टीने बातमी एकच: सीझन संपल्यावर किती जण वर जाणार, कुठल्या नंबरपर्यंत, आणि वर गेल्यावर नक्की काय मिळणार. ते सीझन सुरू व्हायच्या आधी लिहून द्या आणि मग सीझनभर त्याला हात लावू नका, एवढंच माझं म्हणणं. बाकी सगळं पत्र म्हणजे हे का म्हणतोय त्याची कारणं.

ज्यांना गोल्फ माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो, जाणकारांनी हा भाग सोडून दिला तरी चालेल. क्रिकेटमध्ये रणजी खेळला की मॅच फी मिळते, फुटबॉलमध्ये क्लब पगार देतो, निदान कबूल तरी करतो. गोल्फच्या प्रोला पगार नाही, टीम नाही, करार नाही. एन्ट्री फी स्वतः भरायची, स्वतःच्या खर्चाने जायचं, दोन दिवस ३६ होल खेळायचे, मग कट लागतो. कटच्या वर असलात तर पुढचे दोन दिवस खेळून बक्षिसात वाटा, खाली असलात तर बॅग भरा आणि घरी या, हातात शून्य. एका शॉटने चुकला काय आणि वीस शॉटने चुकला काय, शून्य ते शून्यच. वर चांगल्या टूरवर खेळायचं तर कार्ड लागतं, म्हणजे त्या टूरच्या स्पर्धांत उतरायचा हक्क. ते कार्ड क्यू स्कूलमधून, म्हणजे पात्रता स्पर्धेतून, मिळतं नाहीतर खालच्या टूरवर वर्षभर चांगलं खेळून. खालची टूर असते ती त्यासाठीच, त्या टूरची दुसरी काही किंमत नाही. प्रेक्षक येत नाहीत, टीव्हीवर दिसत नाही, स्पॉन्सरला पण ते कळतं.

आता अमेरिकेचं बघा, कारण या बाबतीत सगळ्यात जुना आणि चोख हिशेब त्यांचाच आहे. पीजीए टूर ही तिकडची सगळ्यात वरची टूर, तिच्या खालची टूर १९९० मध्ये सुरू झाली, तेव्हा तिचं नाव बेन होगन टूर. मग स्पॉन्सर बदलत गेले तशी नावं बदलत गेली, नाइकी, बाय डॉट कॉम, नेशनवाइड, वेब डॉट कॉम, आणि २०१९ पासून कॉर्न फेरी टूर. पहिल्या वर्षी वर जायला जागा किती, तर फक्त पाच. पाचच! तरी लोक खेळले, कारण त्या पाच जागा पहिल्या दिवसापासून लिहिलेल्या होत्या. त्याच पहिल्या वर्षी तिथे खेळणारा जॉन डेली १९९१ मध्ये पीजीए चॅम्पियनशिपला वेटिंग लिस्टवरून, नववा राखीव म्हणून, शेवटच्या क्षणी घुसला आणि जिंकून गेला. मग जागा वाढत गेल्या, पुढे २५ झाल्या, मध्ये काही वर्षं रेग्युलर सीझन आणि फायनल्स मिळून ५०, २०२३ मध्ये ३०. जगात एक नंबरला पोचलेला स्कॉटी शेफलर २०१९ मध्ये याच टूरचा प्लेअर ऑफ द इयर होता, म्हणजे ही वाट वरपर्यंत जाते याचा पुरावा शोधायला लांब जायला नको.

आणि मग २०२४ च्या नोव्हेंबरात त्यांनी ३० च्या २० केल्या. वरच्या टूरची पूर्ण कार्डं १२५ वरून १००, स्पर्धांमधली खेळाडूंची संख्या कमी, सोमवारच्या क्वालिफायिंगच्या, म्हणजे स्पर्धेच्या आठवड्यात सोमवारी खेळून आत यायच्या, जागांवरही कात्री. खालच्या खेळाडूंनी आरडाओरडा केला आणि त्यांचं काही चुकलं असं मला वाटत नाही. पण टूरवाल्यांकडेही एक खरं कारण होतं. कार्ड भरपूर वाटली गेली होती आणि स्पर्धेत जागाच नव्हत्या, म्हणजे पोरगा वर्षभर राबून कार्ड घेऊन वर जायचा आणि तिथे वेटिंग लिस्टवर बसायचा, डिसेंबर ते मार्च नुसती वाट बघत. असं कार्ड काय चाटायचंय? मला त्यातली एकच गोष्ट महत्त्वाची वाटते. त्यांनी वाईट बातमी दिली ती सीझनच्या आधी दिली. २०२५ च्या सीझनचा पहिला टी शॉट मारताना प्रत्येकाला माहीत होतं की यंदा विसावा आत आणि एकविसावा बाहेर. वाट अरुंद केली पण अर्ध्या वाटेत नाही केली.

त्यांचा आणखी एक नियम मला फार आवडतो, तीन जिंकलास की चल वर. एका सीझनमध्ये तीन स्पर्धा जिंकल्या की सीझन संपायची वाट बघायची नाही, ताबडतोब प्रमोशन. २०२४ मध्ये मॅट मकार्टी असाच वर गेला आणि काही आठवड्यांत, ऑक्टोबरमध्ये, युटामध्ये पीजीए टूरची स्पर्धाच जिंकला. युरोपातही हेच, ब्रुक्स केप्का २०१३ मध्ये तिकडच्या खालच्या टूरवर, चॅलेंज टूरवर, तीन जिंकून वर गेला होता, तेव्हा त्याला कोण ओळखत होतं. नियम एका ओळीत बसतो, आमच्या कॅडी शेडमधल्या शाळा सोडलेल्या पोराला पण एकदा सांगितला की कळतो, समितीची मीटिंग नको, शिफारस नको, कुणाचा फोन नको. नियम असा असावा.

आपल्याकडे वरच्या टोकाला अशी एक जागा झालीय आणि त्याचं श्रेय द्यायलाच पाहिजे. पीजीटीआयच्या ऑर्डर ऑफ मेरिटमध्ये, म्हणजे वर्षभराच्या क्रमवारीत, वर्षाअखेर जो पहिला, त्याला डीपी वर्ल्ड टूरचं, म्हणजे युरोपच्या मोठ्या टूरचं कार्ड. २०२३ मध्ये महूचा ओमप्रकाश चौहान पहिला आला आणि गेला, २०२४ मध्ये वीर अहलावत गेला. एकच जागा आहे, पण पक्की आहे, त्यामुळे सीझनच्या शेवटच्या स्पर्धांना अचानक अर्थ आला, आधी कोण पहिला कोण तिसरा याचं कुणाला काय पडलं होतं, आता आमच्या शेडमध्ये पण मोबाईलवर आकडेमोड चालते. एका पक्क्या जागेने एवढं होतं. मग खालच्या टूरवर अशा पाच पक्क्या जागा ठेवल्या तर काय होईल, विचार करा.

इथे गोव्यातल्या वाचकांना फुटबॉल आठवेल, नाही आठवला तर मी आठवण करून देतो. वर जायचा दरवाजा बंद झाला की खालचं घर कसं ओस पडतं ते आपण डोळ्यांनी बघितलंय. डेंपो क्लब देशाचा पाच वेळा चॅम्पियन. २०१५ ला आय लीग या तेव्हाच्या मुख्य लीगमधून खाली गेला, २०१६ ला सेकंड डिव्हिजन जिंकून मैदानावर घाम गाळून परत वर आला, आणि त्याच वर्षी साळगांवकर आणि स्पोर्टिंगसोबत आय लीगमधून बाहेर पडला. का? कारण तेव्हा जो नवा आराखडा समोर आला त्यात आयएसएल सगळ्यात वर आणि आय लीग जिंकली तरी तिथे जायची सोय नाही. जिंकूनही वर जायचं नसेल तर पैसे कशाला घालायचे, हा साधा हिशेब होता आणि मालकांनी तो केला. त्यात नुकसान मालकांचं किती झालं माहीत नाही, पण मडगाव-वास्कोच्या पोरांचं झालं ते आम्ही शेजारीपाजारी बघितलं, एके काळी नावाजलेले खेळाडू ऑफिसच्या नोकरीला लागले, काही बोटीवर गेले. नंतर २०२३ ला आय लीग चॅम्पियनला आयएसएलचा दरवाजा उघडला, पंजाब एफसी गेला, मग मोहमेडन. डेंपोही २०२४ मध्ये परत आय लीगमध्ये आला. पण मधली वर्षं कोण परत देणार? फुटबॉलमध्ये निदान क्लब होते, ओरडायला माणसं होती. गोल्फचा पोरगा एकटा असतो. तो बाहेर पडला तर बातमी होत नाही, तो नुसता पुढच्या वर्षी दिसत नाही.

आमचाच एक पोरगा सांगतो, नाव नको. लहानपणी फेअरवेच्या पलीकडच्या शेतातून हरवलेले बॉल शोधून विकायचा, मग कॅडी झाला, मग पाहुण्यांनी सोडून दिलेल्या जुन्या क्लबवर, म्हणजे गोल्फच्या काठ्यांवर, खेळायला शिकला. हात असा की नऊ होलच्या कोर्सवर वाढलाय असं कुणाला सांगून पटत नाही, वेज, म्हणजे जवळून मारायचा क्लब, तर विचारूच नका. लांब मारायला मात्र अडचण, कारण आमच्याकडे ड्रायव्हर, म्हणजे सगळ्यात लांब मारायचा क्लब, काढण्यासारखे होल फार नाहीत. तर हा स्पर्धेला निघतो कसा बघा. मडगावहून संपर्क क्रांती थेट चंदीगडला जाते, आणि चंदीगड म्हणजे भारतातल्या गोल्फची पंढरी, त्यामुळे ती गाडी आमच्या सोयीची. स्लीपरचं तिकीट. गोल्फची बॅग लोअर बर्थखाली आडवी सरकवायची तर ड्रायव्हरचं डोकं बाहेर येतं आणि येणाजाणाऱ्याची लाथ बसते, म्हणून तो ड्रायव्हर काढून टी-शर्टात गुंडाळून उशाशी घेऊन झोपतो. टीसी विचारतो हे काय आहे, हॉकी का? हा हो म्हणतो, समजावत कोण बसणार. तिकडे चार जण मिळून एक खोली. आणि सगळ्यात गंमत म्हणजे काही क्लबांमध्ये कॅडी घेणं सक्तीचं, म्हणजे आयुष्यभर दुसऱ्याच्या बॅगा उचललेल्या पोराने स्वतःची बॅग उचलायला माणूस ठेवायचा आणि त्याला पैसे द्यायचे. देतो बिचारा, आणि कुरकुर न करता देतो, कारण त्या कॅडीचं घर कशावर चालतं ते याला माहीत आहे.

त्याने एक वही केलीय, मी बघितलीय. एका पानावर एक स्पर्धा. एन्ट्री फी, गाडी, खोली, कॅडी, जेवण, आणि शेवटचा रकाना मिळाले. बऱ्याच पानांवर शेवटच्या रकान्यात आडवी रेघ. एका पानावर रेघेच्या बाजूला पेनाने लिहिलंय, "१८ वर ३ पट". पट म्हणजे होलजवळ बॉल आत घालायला मारलेला हलका फटका, शेवटच्या, अठराव्या ग्रीनवर दोन पटमध्ये संपवायचं होतं, तीन लागले, आणि कट एका शॉटने गेला. त्या तिसऱ्या पटची किंमत त्याच पानावर वर लिहिलेली आहे, सगळ्या रकान्यांची बेरीज.

आता श्रीमंतांकडे काय चालतं ते ऐका. पीजीए टूरने २०२३ पासून नियम केला की पूर्ण कार्ड असलेल्याला वर्षाला कमीत कमी ५ लाख डॉलरची हमी, तेवढं कमावलं नाहीस तर फरक आम्ही भरू, कॉर्न फेरीवरून नवीन वर आलेले पण त्यात धरले. आणि त्याच्या खालच्या दर्जाच्या मेंबरला कट चुकला तर प्रवासखर्च म्हणून स्पर्धेमागे ५ हजार डॉलर. म्हणजे जगातल्या सगळ्यात पैसेवाल्या टूरवर कट चुकलेल्याला गाडीभाडं मिळतं, आणि ज्याच्याकडे गाडीभाड्याचेच वांधे तो खालच्या टूरवर रिकाम्या हाताने परत येतो. मी डॉलर मागत नाही. बक्षिसाच्या रकमेतला थोडा तुकडा बाजूला काढा आणि कट चुकलेल्या प्रत्येकाला स्लीपरचं परतीचं तिकीट आणि एन्ट्री फीचा अर्धा भाग द्या. विजेत्याचा चेक थोडा कमी होईल. होऊ दे. खालच्या टूरवर विजेत्याला खरं बक्षीस म्हणजे वरच्या टूरचं कार्ड, त्याला दोन पैसे कमी मिळाले म्हणून तो काही रडणार नाही.

दुसरी गोष्ट कार्डाबद्दल, जी मघाशी अमेरिकेच्या निमित्ताने आलीच. कार्ड दिलं म्हणजे काम झालं असं नाही. वरच्या टूरवर एन्ट्री कशी लागते, तर कॅटेगरीने, आधी जिंकलेले, मग मागच्या वर्षीचे वरचे नंबर, मग इतर, मग कुठेतरी खालून आलेले, आणि स्पर्धेतल्या जागा भरल्या की दार बंद. म्हणून नुसतं "पहिल्या इतक्या जणांना कार्ड" एवढं लिहून भागणार नाही, त्या कार्डावर पुढच्या वर्षी कमीत कमी किती स्पर्धा खेळायला मिळतील तेही लिहा. आठ म्हणा, दहा म्हणा, पण आकडा लिहा. आकडा छोटा असला तरी चालेल, मग तो पोरगा तेवढ्याचाच हिशेब करेल, तेवढ्याच सुट्ट्या मागेल, तेवढंच कर्ज काढेल. दोन सीझनच्या मध्ये नियम बदलायचे असतील तर खुशाल बदला, टूर तुमची आहे, पण पहिल्या स्पर्धेनंतर नाही. आणि हे सगळं इंग्रजीतल्या दहा पानी पीडीएफमध्ये सातव्या पानावर नको, कारण आमच्याकडे ती पीडीएफ तीन ग्रुप फिरून येते तोपर्यंत एन्ट्रीची तारीख गेलेली असते. एका पानावर, हिंदीत, मराठीत, बंगालीत, पंजाबीत. कोण खेळतंय खालच्या टूरवर ते बघा आणि त्यांच्या भाषेत लिहा.

कोण खेळतंय म्हटल्यावर कॅडींचा विषय काढायलाच पाहिजे. भारताचं गोल्फ कुणी वर नेलं? दिल्लीत कॅडी असलेल्या अली शेरने १९९१ मध्ये इंडियन ओपन जिंकलं, त्याआधी एकाही भारतीय प्रोने ते जिंकलं नव्हतं, आणि १९९३ मध्ये त्याने परत जिंकलं. एसएसपी चौरसियाचे वडील कोलकात्याच्या रॉयल क्लबमध्ये ग्रीनकीपर, पोरगा तिथेच चिपिंग-पटिंग शिकला, २००८ मध्ये युरोपियन टूरची इंडियन मास्टर्स जिंकला आणि पुढे इंडियन ओपन दोन वर्षं लागोपाठ, २०१६ आणि २०१७. यांच्यासाठी कुणी वाट बांधली नव्हती, हे काट्याकुट्यातून गेले. आता त्यांचे फोटो भाषणात दाखवतात आणि म्हणतात बघा, कॅडी पण मोठा होऊ शकतो. हो, होऊ शकतो, हजारात एक. बाकीच्यांचं काय? क्यू स्कूलच्या पहिल्या टप्प्याला रजिस्टर्ड कॅडी आणि ग्राउंड स्टाफला फी माफ करा, किंवा निदान असं करा की पहिला टप्पा पार केला तर फी परत. येणारे सगळे चांगले खेळतील असं नाही, काही जण पहिल्याच दिवशी नव्वद शॉट मारतील आणि वेळ खातील हे मला माहीत आहे, म्हणून क्लबच्या प्रोची सही घ्या, हॅंडिकॅप (खेळाडूच्या दर्जाचा आकडा) बघा, काय हवी ती चाळणी लावा. पण चाळणी खेळाची लावा, खिशाची नको.

आणि सोमवारचं दार. अर्जुन अटवालचं उदाहरण सगळ्यांना माहीत आहे तरी सांगतो. २०१० मध्ये त्याचं पीजीए टूरचं कार्ड गेलेलं होतं. ऑगस्टमध्ये विंडम चॅम्पियनशिपला तो सोमवारचं क्वालिफायिंग खेळून आत आला आणि रविवारी स्पर्धा जिंकला, पीजीए टूर जिंकणारा पहिला भारतीय. त्या सोमवारी दार बंद असतं तर हा इतिहास झालाच नसता. आपल्या वरच्या टूरच्या प्रत्येक स्पर्धेला खालच्यांसाठी अशा दोन जागा ठेवा, फक्त दोन. स्पॉन्सरच्या पाहुण्यांना निमंत्रण देता ना, त्यातल्याच काढा. (स्पॉन्सर रागावला तर त्याला अटवालचा किस्सा सांगा, तो खूश होईल, त्याच्या पाहुण्याने आजवर काय जिंकलंय?)

कॅलेंडरबद्दल थोडक्यात. आज इथे उद्या तिथे असं नको. पश्चिम-दक्षिणेच्या स्पर्धा लागोपाठ लावा, अहमदाबाद झालं की पुढच्या आठवड्यात पुणे, मग बेंगळुरू, म्हणजे आमच्यासारख्या कोपऱ्यातल्याला एका खेपेत जमेल. दर स्पर्धेला घरी येऊन परत जायचं म्हणजे अर्धा सीझन कोकण रेल्वेतच.

आता आमच्या क्रीडा खात्याशी दोन शब्द, आणि हे टूरवाल्यांनीही वाचावं. २०२३ मध्ये ३७ व्या नॅशनल गेम्सचे यजमान आपण होतो, केवढा गाजावाजा, आणि गोल्फ कुठे झालं तर दिल्लीत. ट्रॅक सायकलिंग आणि गोल्फ हे दोन खेळ गोव्यात झाले नाहीत कारण इथे त्यांना लागणारी जागाच नाही. तेव्हापासून अधूनमधून कुणीतरी म्हणतं की गोव्याला १८ होलचा इंटरनॅशनल कोर्स पाहिजे. माझ्या या पत्राचा कुणी तसा उपयोग करू नये म्हणून स्पष्ट सांगतो, मी ते मागत नाही. तेरेखोलला काय झालं ते आठवा. केरीहून फेरीने पलीकडे गेलं की ते छोटंसं गाव, तिथे गोल्फ रिसॉर्ट आणायचा घाट घातला तेव्हा कुळ-मुंडकारांनी (जमीन कसणाऱ्यांनी आणि भाटकाराच्या जागेत घर असलेल्यांनी) आणि गावाने जो विरोध केला तो काय उगाच केला का? काजूच्या बागा आणि पाणी गेल्यावर त्या गावाने गोल्फ बघत बसायचं का? गोव्यात गोल्फ म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर जमीन हडपणारा येतो, आणि त्यात लोकांचा दोष नाही. मी या धंद्यात असूनही तेरेखोलवाल्यांच्याच बाजूचा.

मग पाहिजे काय? आहे त्यातच सोय. जे छोटे कोर्स रिसॉर्टांच्या आवारात आहेत ते पावसाळ्यात आणि उन्हाळ्यात बऱ्यापैकी रिकामे असतात, पाहुणा येतो तो पूलमध्ये पडून राहतो. सकाळी सात ते नऊ स्थानिक पोरांना आणि कॅडींना प्रॅक्टिस करू देणाऱ्या रिसॉर्टला खात्याने थोडी सवलत द्यावी. मी काम केलेल्या एका ठिकाणी तर कॅडीने बॉल मारलेला दिसला की दिवसाचे पैसे कापायचे, का तर म्हणे गवत खराब होतं. गवत पाहुण्याच्या डिव्हटने, म्हणजे क्लबने उडालेल्या ढेकळाने, खराब होत नाही, फक्त कॅडीच्या होतं! आणि खात्याकडे खेळाडूंना मदत द्यायच्या योजना आहेत, त्यात गोल्फच्या टूरवर जाणाऱ्याचा प्रवासखर्च धरा. १८ होलचं शिकायला आमचे पोरगे पुण्याला जातील, बेंगळुरूला जातील, जायची तयारी आहे. चांगला शॉर्ट गेम, म्हणजे होलजवळचा खेळ, नऊ होलवर पण तयार होतो, उलट जास्तच होतो.

एक गोष्ट लिहायची की नको असं चाललं होतं पण लिहितोच. मुलींच्या टूरकडे तर या चर्चेत कुणी बघतही नाही. टोकियो ऑलिम्पिकमध्ये अदिती अशोक चौथी आली तेव्हा चार दिवस अख्खा देश पहाटे उठून गोल्फ बघत होता, आमच्या शेजारच्या म्हाताऱ्या आजीने मला विचारलं की बर्डी म्हणजे काय रे. ते चार दिवस संपले आणि विषय संपला. वर सांगितलेलं सगळं, लिहिलेल्या जागा, कट चुकल्यावर गाडीभाडं, कॅडींना फी माफ, मुलींच्या टूरलाही तसंच्या तसं लागू करा, वेगळं पत्र लिहायला लावू नका. आमच्याकडे कॅडीचं काम करणाऱ्या मुली फार नाहीत पण ज्या आहेत त्यांच्यातल्या एकीचा स्विंग मला माझ्या सगळ्या पोरांपेक्षा बरा वाटतो.

तुम्ही म्हणाल हे सगळं करायला पैसे कुठून आणायचे. थोडे लागतील, खोटं कशाला बोलू. पण जागा लिहून द्यायला पैसे लागत नाहीत, नियम मध्येच न बदलायला पैसे लागत नाहीत, एका पानाचं भाषांतर करायला किती लागतात? ते मी करून देतो, मराठीचं तरी. आधी ही फुकटातली कामं करा, मग गाडीभाड्याचं बोलू.

जाता जाता पुढच्या वर्षाच्या तारखा ठरवताना एक लक्षात ठेवा. क्यू स्कूल नाताळ ते कार्निव्हालच्या मध्ये ठेवू नका. त्या दिवसांत गोव्यातली हॉटेलं फुल्ल असतात, एकाही कॅडीला सुट्टी मिळत नाही, मी स्वतः देऊ शकत नाही, दिली तर माझीच नोकरी जाईल. मार्चच्या दुसऱ्या पंधरवड्यात ठेवा, शिगमो (आमचा शिमगा) आटोपलेला असेल तर उत्तमच, पोरं पाठवायची जबाबदारी माझी. आणि फॉर्मची शेवटची तारीख निदान तीन आठवडे आधी कळवा, कारण त्या वेळी स्लीपरला वेटिंग लागतं.

आपला,
दक्षिण गोव्यातला एक कॅडी मास्टर